बागेतलं तळं आणि न दिसणारे बिऱ्हाडकरू

गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय हौशींमध्ये एका नव्या हौशीची भर पडली आहे. पूर्वी घर बांधलं की दारात तुळशीवृंदावन, परसात चार केळी आणि फार झालं तर फाटकाशी बोगनवेल, एवढ्यावर भागत असे. आता बंगल्याच्या पुढच्या बाजूला, सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी, इतकंच काय गच्चीवरच्या बागेतसुद्धा एक छोटंसं तळं हवं असतं. तळ्यात कमळं हवीत, दगडावरून झुळझुळणारं पाणी हवं आणि लाल-पांढरे मासे तर हवेतच. हौस चांगली आहे. पाण्याकाठी बसलं की माणूस गप्प होतो आणि आजकाल माणसाला गप्प बसवणारी ठिकाणं फारशी उरलेली नाहीत.

हौस पुरी व्हायला वेळ लागत नाही. गवंडी आठवड्याभरात हौद बांधून देतो, आतून निळ्या फरशा बसतात, नळ सोडला की पाणी भरतं आणि रविवारी सगळं कुटुंब जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून मासे घेऊन येतं. पुढचे आठ-दहा दिवस कौतुकाचे. आल्यागेल्याला चहाच्या आधी तळं दाखवलं जातं. मग पाणी हिरवट दिसू लागतं. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी एक मासा पोट वर करून तरंगताना दिसतो, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. नातवंडांचे डोळे भरून येतात आणि घरातला कर्ता माणूस दुकान गाठून म्हणतो, "चांगल्यातला एक फिल्टर द्या."

दुकानदार विचारतो, "तळं किती लिटरचं आहे?" आकडा सांगितला की तो एक खोकं पुढे करतो. खोक्यावर छापलेलं असतं, 'तीन हजार लिटरपर्यंत'. सौदा होतो. पण जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, तो दुकानदारानेही विचारलेला नसतो आणि गिऱ्हाइकानेही. तो प्रश्न असा, की या तळ्यात खाणारी तोंडं किती आहेत?

गाळणी की घर?

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते. गाळ वर राहिला, चहा खाली आला, काम झालं. तळ्याच्या फिल्टरकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. पाण्यातली घाण अडली पाहिजे आणि पाणी काचेसारखं दिसलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. घोटाळा इथेच सुरू होतो. माशांना मारणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. तिला रंग नाही आणि ती कुठल्याही जाळीत अडकत नाही, कारण ती पाण्यात विरघळलेली असते. तिचं नाव अमोनिया.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा उरलेला भाग तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरून जातो. आपल्या हौदात तो जाणार कुठे? ज्या पाण्यात मासा श्वास घेतो त्याच पाण्यात तो साठत राहतो. पेला भरून उजेडात धरला तर पाणी स्वच्छ दिसेल. मासा मात्र त्यात गुदमरत असेल. निव्वळ दिसणारं पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा अमोनिया नाहीसा करण्याचं काम जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातकच असतं. त्याने त्यांचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची ताकद जाते. नायट्रेट मात्र त्या मानाने बरंच निरुपद्रवी. झाडं ते खाऊन टाकतात, उरलेलं थोडं पाणी बदललं की जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. त्यांना चिकटून राहायला पृष्ठभाग हवा असतो आणि श्वासाला भरपूर प्राणवायू. आपण पैसे मोजून जो फिल्टर आणतो, त्यातले स्पंज, खडे आणि प्लास्टिकची चक्रं म्हणजे या जिवाणूंच्या राहण्याच्या खोल्या. फिल्टर ही एक चाळ आहे, तिच्यात लाखो-करोडो बिऱ्हाडकरू राहतात आणि भाडं म्हणून पाणी शुद्ध करून देतात, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तीन आठवड्यांचं कोडं

हे बिऱ्हाडकरू माणसाला सापडले कसे, ही हकिकत सांगण्याजोगी आहे. वाळूतून पाणी गाळून शहराला पुरवण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ होऊ लागली. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात १८०४ मध्ये असा गाळणवाफा झाला, तर लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये मोठा वाफा बांधला. हेतू एवढाच होता, की गढूळ पाणी निवळ व्हावं. पण १८९२ मध्ये जर्मनीत हँबर्ग शहरात पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसं दगावली. त्याला लागून असलेलं आल्टोना गाव मात्र बरंचसं बचावलं. दोन्ही गावं एल्ब नदीचंच पाणी पीत होती. उलट आल्टोनाचं पाणी हँबर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे अधिक घाण झालेलं होतं. फरक इतकाच की आल्टोना ते वाळूतून हळूहळू गाळून घेत होतं. वाळूच्या वरच्या थरावर जो बुळबुळीत, जिवंत पापुद्रा धरतो त्याची या बचावात मोठी करामत होती.

आपल्या तळ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रयोग १८७७ मध्ये फ्रान्समध्ये झाला. श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी एक लांब नळी वाळू आणि चुनखडीने भरली आणि तिच्यातून गटाराचं पाणी सावकाश झिरपू दिलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया वरून जात होता तसाच खालून बाहेर पडत होता. त्यानंतर मात्र बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि ही क्रिया थांबली. म्हणजे काम करणारं जे काही होतं ते जिवंत होतं, हे उघड झालं. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांच्याबद्दलचं संशोधन अजूनही थांबलेलं नाही. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटाच उरकणारा जिवाणूही असतो, हे २०१५ मध्ये कळलं.

श्लोझिंग-म्युन्ट्झच्या नळीतले ते वीस दिवस लक्षात ठेवावेत. नव्या तळ्यात मासे तिसऱ्या आठवड्यातच का मरतात, याचं उत्तर त्यात आहे. चाळ बांधून झालेली असते, पण भाडेकरू अजून राहायला आलेले नसतात. आपल्या हवेत ते पुरेसे जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि त्यामागून नायट्राइट वाढत जातं.

हे ठाऊक नसलं म्हणजे काय होतं, ते मी एका सोसायटीत पाहिलं आहे. प्रवेशद्वाराशी तीन हजार लिटरचं तळं बांधलं, बाजारातला महागडा फिल्टर बसवला आणि त्यात एकदम अठरा कोई मासे सोडले. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा मोजावा. सतराव्या दिवशी सकाळी अकरा मासे मेलेले. कमिटीची तातडीची बैठक भरली. पाणी स्वच्छ दिसतंय, फिल्टर चालू आहे, तेव्हा कुणीतरी विष घातलं असणार, असा निष्कर्ष निघाला आणि बोट माळ्याकडे वळलं. त्याने आदल्या दिवशी गुलाबांवर औषध फवारलं होतं. "साहेब, तळ्याकडं मी फिरकलोबी न्हाई हो," असं तो परोपरीने सांगत होता. त्याला कामावरून काढायचं ठरलंच होतं, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. त्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, थेंब टाकून पाण्याचा रंग पाहायची छोटी पेटी त्यांनी मागवली आणि सगळ्यांच्या देखत तपासणी केली. पाणी गर्द हिरवं झालं. "अमोनिया. माशांनीच केलेला. अठरा जणांना जेवायला घातलंत आणि मोरी बांधायला विसरलात," एवढं बोलून बाई वर निघून गेल्या. माळ्याची नोकरी वाचली. त्याची क्षमा कुणी मागितल्याचं मात्र माझ्या कानावर नाही.

आधी तोंडं मोजा

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवा अधिकारी अर्जदाराच्या खात्यात शिल्लक किती आहे ते आधी पाहतो. मुरलेला अधिकारी उलाढाल पाहतो. रोज किती येतं आणि किती जातं ते. तळ्याचे लिटर ही शिल्लक आहे. त्यात रोज पडणारं खाद्य ही उलाढाल. फिल्टर निवडायचा तो उलाढालीवरून.

एक छोटा हिशेब मांडू. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल हौद म्हणजे ऐंशी घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे हौद झाला २,२६५ लिटरचा. त्यात रोज वीस ग्रॅम खाद्य पडतं असं धरा, दोन-तीन चमचे. खाद्यात तीस टक्के प्रथिनं असली तर त्यातून अर्धा ग्रॅमहून थोडा जास्त अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तो काढून टाकणारं कुणी नसेल तर दहा दिवसांत पाण्यात लिटरमागे सुमारे अडीच मिलिग्रॅम साठतो.

त्याचं विखारीपण पाण्याच्या आम्लतेवर आणि तापमानावर अवलंबून असतं. तीस अंश सेल्सियसच्या पाण्यात पीएच सात असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच आठ झाला की सात-आठ भाग, आणि नऊ झाला की जवळजवळ निम्मा. सिमेंटच्या नव्या हौदातून चुना सुटतो आणि पीएच चढतो. दुपारच्या उन्हात हिरवं शेवाळं वाढलं की आणखी चढतो. म्हणून नवा हौद दोन-तीनदा भरून, काही दिवस मुरवून रिकामा केल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत. आपल्या आजीच्या वेळचे लोक नव्या हौदातलं पहिलं पाणी वापरत नसत, ते उगाच नव्हे.

तेव्हा फिल्टर घेण्याआधी आपल्याला नक्की काय पाळायचं आहे ते ठरवावं. कमळं, पाणवनस्पती आणि चार गप्पी मासे एवढंच हवं असेल तर बहुतेक वेळा फिल्टरची गरजच नसते. झाडांची मुळं, कुंड्यांमधले खडे आणि तळाची माती हाच फिल्टर. खाद्य घालायचं नाही. डासांच्या अळ्या आणि शेवाळं यावर गप्पी मजेत राहतात. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात, त्यामुळे तळ्यात अळ्या खाणारे मासे हवेतच.

गोल्डफिश हवे असतील तर एका माशाला निदान शंभर लिटर पाणी असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आणि कोई? दुकानात तीन इंचांचा दिसणारा हा मासा जातीने कार्प. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात हे रंग निवडून वाढवले गेले आणि १९१४ च्या तोकियोतल्या प्रदर्शनानंतर ते देशभर गाजले. नीट वाढला तर तो दोन फुटांचा होतो आणि पंचवीस-तीस वर्षं जगतो. एका मोठ्या कोईला हजार लिटर पाणी आणि चार फूट खोली हवी. आपल्या आठ बाय पाचच्या हौदात फार तर दोन. कोई आणायचा म्हणजे दारात कुत्रं नव्हे, गाय बांधायची, असं समजावं.

बाजारात काय मिळतं

आता प्रत्यक्ष फिल्टरकडे वळू. सगळ्यांत साधा म्हणजे तळ्यातच बुडवून ठेवायचा स्पंजचा डबा, आत छोटा पंप. हजार-बाराशे लिटरचं तळं आणि पाच-सहा छोटे मासे यांना तो पुरतो. त्याहून जास्त नाही.

दुसरा बंद डब्याचा, दाबावर चालणारा. दिसायला आटोपशीर, जमिनीत अर्धा पुरता येतो, मूठ फिरवून धुता येतो. बंगल्याची शोभा बिघडत नाही म्हणून वास्तुरचनाकारांना तो आवडतो. पण आत जागा कमी आणि हवा पंप आणून देईल तेवढीच.

तिसरा उघडा, पाणी उताराने परत येणारा. याचं सगळ्यांत स्वस्त रूप घरी करता येतं. दोनशे लिटरची दोन निळी पिंपं घ्यायची. तळ्यातलं पाणी पंपाने पहिल्या पिंपात सोडायचं; तिथे ते संथ होतं आणि गाळ तळाशी बसतो. तिथून ते दुसऱ्या पिंपाच्या तळाशी शिरतं, वर चढतं आणि काठावरच्या नळीने तळ्यात परत पडतं. दुसऱ्या पिंपात जिवाणूंच्या खोल्या. त्यासाठी विकतची प्लास्टिकची चक्रं चालतात, चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे चालतात आणि भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या तर उत्तम चालतात, मात्र त्या साबण न लावलेल्या, कोऱ्या हव्यात. कांद्याच्या जाळीदार पोत्यांत हे सगळं भरून ठेवलं की काढायला-घालायला सोपं. दोन्ही पिंपांना तळाशी गाळ सोडायची तोटी हवी. दिसायला हा प्रकार ओबडधोबड. एखाद्या कुड्याच्या किंवा जास्वंदीच्या झुडपामागे लपवावा. कामाला मात्र चोख.

चौथा प्रकार वनस्पतींच्या वाफ्याचा आणि जागा असेल तर माझं मत त्याच्या पारड्यात. तळ्याशेजारी थोडा उंच, खडीने भरलेला वाफा करायचा. तळ्याच्या क्षेत्रफळाच्या दहा ते तीस टक्के असला की झालं. भोकं पाडलेल्या नळीतून पाणी त्याच्या तळाशी सोडायचं, ते खडीतून वर येऊन तळ्यात ओघळतं. खडीत कर्दळ, वेखंड, अळू लावायचा. जिवाणू खडीवर राहतात आणि त्यांनी केलेलं नायट्रेट झाडं उचलतात. इतर फिल्टर नायट्रेटपाशी थांबतात, हा पुढचंही काम करतो. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी 'फायटोरिड' नावाची जी पद्धत विकसित केली, ती याच तत्त्वावरची. फक्त वाफ्याच्या आधी गाळ बसण्याची सोय हवी, नाहीतर काही वर्षांत खडी चोंदते.

दोन वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात फार मारल्या जातात. एक अतिनील किरणांचा दिवा. पाण्यातलं हिरवं शेवाळं त्याने खरोखर जातं आणि पाणी लखलखीत होतं. पण अमोनियाला तो हातही लावत नाही. त्या सोसायटीचं पाणी नितळ होतं ते याच दिव्यामुळे. जिवाणूंच्या जोडीला तो असावा, त्यांच्याऐवजी नव्हे. शिवाय वर्षभराने नळी पेटलेली दिसली तरी तिचा जोर ओसरलेला असतो. दुसरी वस्तू पोहण्याच्या तलावाचा वाळूचा फिल्टर. तिथे पाण्यात क्लोरीन असतं, माशांची विष्ठा नसते. तळ्यात ती वाळू चिकट होऊन गोळे धरते आणि ती उलटी धुण्यात पाणी वाया जातं ते वेगळंच.

पंपाबद्दल थोडं. साध्या तळ्याचं सगळं पाणी दोन तासांत एकदा आणि कोईंच्या तळ्याचं तासाभरात एकदा फिल्टरमधून फिरावं. खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. तीन-चार फूट चढवलं की तो बराच उतरतो. खरा आकडा काढायची युक्ती सोपी आहे. परतीच्या नळीखाली वीस लिटरची बादली धरा आणि घड्याळ पाहा. एका मिनिटात भरली तर ताशी बाराशे लिटर. विजेचाही हिशेब करावा. चाळीस वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर वर्षाला ३५० युनिट खातो. पंपाची किंमत एकदाच द्यायची, बिल दर महिन्याला. आणि पाण्यात वीज उतरू नये म्हणून अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसवल्याशिवाय पंप सुरू करू नये. तळ्यात हात घालणारी पहिली व्यक्ती घरातलं मूल असते.

आपली वीज, आपला उन्हाळा

परदेशी माहितीपत्रकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वीज जात नाही. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनाचे जे दिवस काढले ते आठवावेत. आज तशी स्थिती नसली तरी पावसाळ्यात झाड पडून पाच-सहा तास दिवे जाणं आपल्याला नवं नाही. पाणी फिरायचं थांबलं की बंद डब्यातले जिवाणू काही तासांत आतला प्राणवायू संपवतात आणि मरू लागतात. वीज आली की पंप तेच कुजकं पाणी तळ्यात ओततो. उघडं पिंप किंवा झाडांचा वाफा अशा वेळी जास्त तग धरतो. वीज वारंवार जात असेल तर बंद डब्याच्या वाटेला जाऊ नये. गेलात तर खंडित झाल्यावर आधी आतलं पाणी बाहेर सोडून मगच पंप चालू करावा. काटकसर म्हणून रात्री पंप बंद करणारी मंडळी आहेत. ती रोज रात्री हेच करत असतात.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. माशांना आणि जिवाणूंना जेव्हा जास्त हवा तेव्हाच तो कमी. वैशाखात पाणी उंचावरून पडू द्यावं, तळ्यावर थोडी सावली असावी आणि खाद्य कमी करावं. जिवाणूंना पाण्यातला चुन्याचा अंशही लागतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात तो भरपूर असतो. पावसाचं मऊ पाणी साठवून वापरणाऱ्यांनी फिल्टरमध्ये मूठभर तिसऱ्यांचे शिंपले ठेवावेत. कोकणातल्या घरांत त्यांना तोटा नाही.

सांभाळणं

फिल्टर मरतात ते बहुधा स्वच्छतेच्या अतिरेकाने. दिवाळीची झाडलोट निघाली की कुणीतरी उत्साहाने स्पंज नळाखाली धरून पांढरेशुभ्र करून ठेवतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. एका दुपारी सगळी चाळ ओस पडते आणि तळं पुन्हा पहिल्या दिवसावर येतं. स्पंज धुवायचाच तर तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत दोनदा पिळावा. सगळे एकदम नव्हे, आज निम्मे तर पंधरा दिवसांनी निम्मे. तो तपकिरी दिसायलाच हवा. तळ्यात भर घालायचं नळाचं पाणीही एक दिवस उघड्यावर ठेवून मगच ओतावं.

नवा फिल्टर लवकर कामाला लावायचा असेल तर दुकानातल्या बाटलीपेक्षा आपल्या ओळखीतलं जुनं तळं शोधावं. ज्याचे मासे दोन-चार वर्षं खुशाल आहेत, त्याच्या फिल्टरमधला एक मळका स्पंज ओला ठेवून आणावा आणि आपल्या फिल्टरात ठेवावा. शेजारणीकडून विरजण आणण्यासारखंच हे. त्याने दिवस निम्म्यावर येतात.

आणि हौस फिटली, मासे फार मोठे झाले, तर ते नदीत किंवा गावच्या तलावात सोडू नयेत. शेवाळं खातो म्हणून आणलेला काटेरी सकर मासा असाच सोडला गेला आणि देशातल्या कितीतरी जलाशयांत आज कोळ्यांची जाळी फाडतो आहे. जलपर्णीही एके काळी शोभेचीच होती. आपल्या अंगणातला पसारा नदीच्या दारात टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

तेव्हा दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर तळ्याचे लिटर, माशांची जात आणि ते पूर्ण वाढल्यावर होणारी लांबी, रोज पडणारं खाद्य आणि आपल्या भागात वीज एका वेळी किती तास जाते, एवढे आकडे लिहिलेले असावेत. ही चिठ्ठी वाचूनही जो दुकानदार तेच खोकं पुढे करील, त्याला नमस्कार करून पुढचं दुकान पाहावं. फिल्टर घरी आला की तो बसवून, रोज चिमूटभर खाद्य टाकून, महिना-दीड महिना तळं नुसतंच चालू द्यावं. थेंबांच्या पेटीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की दोन मासे आणावेत, पंधरवड्याने आणखी दोन. तोवर घरातली मुलं रोज विचारतील, "मासे कधी आणायचे?" त्यांना तळ्याकाठी बसवून सांगावं, की पाहुणे यायच्या आधी घर लावावं लागतं आणि आत्ता आपल्या पिंपात तेच चाललं आहे. दोन-चार दिवसांनी तीच मुलं थेंबांचा रंग पाहायला आपल्याआधी तळ्यापाशी हजर असतील.